अर्जाचा मुहूर्त

परदेशी सहलीला निघणाऱ्या माणसाला फुकट मिळणारा सर्वांत ठाम सल्ला म्हणजे ‘अर्ज लवकर करा’. तो वकिलातीच्या संकेतस्थळावर असतो, सहल कंपनीच्या पत्रकावर असतो आणि नुकतंच स्वित्झर्लंड करून आलेल्या शेजाऱ्यांच्या तोंडी तर हमखास असतो. शेजाऱ्यांचा सूर तेवढा वेगळा. त्यात ‘आम्ही केला होता’ हे न उच्चारलेलं वाक्य स्पष्ट ऐकू येतं. या सल्ल्याच्या पोटात एक आरोप दडलेला आहे. खिडकी पहाटेपासून उघडी आहे आणि अर्जदार मात्र अजून पांघरुणात आहे, असा तो आरोप. मराठी मध्यमवर्गावर पुष्कळ आरोप करता येतील, पण हा टिकणार नाही. गणपतीला कोकणात जायची तिकिटं काढणारा माणूस आरक्षण सुरू होण्याच्या मिनिटाला हजर असतो आणि तरीही प्रतीक्षायादीत जातो. इतक्या लोकांनी इतकं लवकर येऊ नये म्हणून की काय, रेल्वेनं १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली. कारण दिलं ते असं, की ६१ ते १२० दिवस आधी केलेल्या आरक्षणांपैकी सुमारे २१ टक्के पुढे रद्दच होतात. लवकर येणाऱ्याचं कौतुक करण्याचे दिवस गेले. आता तो खरंच जाणार आहे का, अशी शंका घेतात. परदेशी प्रवासाच्या परवानगीत तर ही शंका कायद्यातच लिहून ठेवलेली आहे. माझं म्हणणं असं, की लवकर अर्ज करणं हा अर्जदाराचा गुण उरलेलाच नाही. ती एक सवलत आहे, आणि ती कुणाला द्यायची हे समोरचा देश ठरवतो. बाकीच्यांच्या वाट्याला मुहूर्त येतो.

युरोपचा शेंगेन व्हिसा घ्या, कारण मे महिन्यात मराठी मध्यमवर्गाची राजधानी अजून तरी टिटलिसच्या पायथ्याशीच हलते. नियम असा, की अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि पंधरा दिवसांहून उशिरा करता येत नाही. फेब्रुवारी २०२० पूर्वी सहाऐवजी तीनच महिने होते. युरोपनं ते उदारपणे दुप्पट केले आणि पुढच्याच महिन्यात साथीनं विमानं जमिनीवर बसवली, त्यामुळे त्या औदार्याचा लाभ बराच काळ कुणाला घेता आला नाही. अर्जावर निर्णय १५ दिवसांत द्यायचा, पण तपासाची गरज वाटली तर तो ४५ दिवसांपर्यंत लांबवता येतो. आता हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहा. शेवटच्या दिवशी, म्हणजे पंधरा दिवस आधी, अर्ज केलेल्या माणसाला विमान उडून गेल्यावर महिन्याभरानं ‘जा बरं का’ असं उत्तर मिळालं, तर त्यात कुठल्याही कलमाचा भंग होत नाही. भेटीची वेळ मागितल्यापासून साधारण दोन आठवड्यांत ती मिळावी, असंही त्याच नियमावलीत आहे. हे वाक्य एप्रिल महिन्यात मुंबईत किंवा पुण्यात मोठ्यानं वाचून दाखवलं तर चांगली करमणूक होते. लग्नाच्या मुहूर्तासारखंच हे आहे : आधी अक्षता टाकून चालत नाही आणि नंतर टाकून उपयोग नाही. फक्त लग्नात निदान भटजी हॉलवर आलेले असतात.

बरं, मुहूर्ताला नुसतं हजर राहून भागत नाही, सहल पूर्ण करून हजर राहावं लागतं. जाण्यायेण्याच्या विमानाचं आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा, किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा, बँकेचा उतारा, प्राप्तिकराची विवरणपत्रं, कचेरीतून रजा मंजूर झाल्याचं पत्र आणि दिवसागणिक कार्यक्रम, एवढं सगळं एकाच फायलीत घालायचं. यातलं प्रत्येक कागदपत्र दुसऱ्याच्या आधी हवं असतं. साहेब म्हणतात, व्हिसा आला की रजेचं पाहू. व्हिसावाले म्हणतात, रजेचं पत्र आणा, मग व्हिसाचं पाहू. विम्याला तारखा हव्यात, तारखांना तिकीट हवं, तिकिटाला व्हिसाची खात्री हवी आणि व्हिसाला विमा. शिवाय परतावा न मिळणारी तिकिटं व्हिसा हातात येण्याआधी काढू नका, असं वकिलातीच बजावून सांगतात. म्हणजे तिकीट दाखवायचं, पण काढायचं नाही. या दोन आज्ञा एकाच वेळी पाळता याव्यात म्हणून एक आख्खा व्यवसाय उभा राहिलेला आहे. ठरावीक पैसे घेऊन तो तुम्हाला काही दिवसांपुरतं जिवंत राहणारं आरक्षण देतो. हॉटेलंही अशीच, विनाशुल्क रद्द करता येणारी. सहा महिन्यांनंतरच्या एका मंगळवारी सकाळी आपण लुसर्नच्या लाकडी पुलावर असू आणि दुपारी केबल कारमध्ये, असं भविष्य डोंबिवलीतलं एक कुटुंब टंकलिखित करून देतं. त्या मंगळवारी डोंबिवलीत पाणी येईल की नाही हे त्याच कुटुंबाला सांगता येत नसतं, पण तो प्रश्न फॉर्मवर नसतो. पंचांगकर्त्यांनाही इतक्या बारकाईनं भविष्य लिहायला कुणी लावत नाही, आणि त्यांचं चुकलं तर त्यांचं पुढचं पंचांग नामंजूर होत नाही.

हा सारा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर नकाराच्या छापील फॉर्मवर मिळतं. त्यावर कारणांची यादी असते आणि लागू असेल त्यापुढे खूण केलेली असते. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल रास्त शंका आहे, अशा अर्थाचं त्यातलं एक कारण मला फार अर्थपूर्ण वाटतं. म्हणजे परीक्षा जाण्याची नाहीच, येण्याची आहे. नोकरी, घर, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील, गृहकर्जाचे हप्ते, ज्या ज्या गोष्टींपासून दहा दिवस सुटका मिळावी म्हणून माणूस सहलीला निघतो, त्या सगळ्या गोष्टी अर्जासोबत जोडाव्या लागतात. हप्ते जितके जास्त, तितका अर्ज भक्कम. २०२४ साली भारतातून अकरा लाखांहून अधिक शेंगेन अर्ज गेले आणि त्यातले साधारण १५ टक्के नामंजूर झाले. त्या सर्वांनी उशीर केला होता असं मानायला काही आधार नाही. नामंजूर झालेल्या अर्जाचं शुल्क परत मिळत नाही. जून २०२४ पासून ते प्रौढाला ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मं आहे. सहा वर्षांखालच्यांना काहीच पडत नाही. ते परत येतील की नाही याची युरोपला बहुधा चिंता नसावी, आणि ज्यांनी अशा मुलांना घेऊन दहा तासांचा विमानप्रवास केला आहे त्यांना ही बेफिकिरी कधीच पटणार नाही. गंमत अशी, की ज्या करारामुळे हे सगळं झालं तो चौक्या काढण्यासाठी होता. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या खेड्याजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी एकमेकांच्या सीमेवर थांबायचं नाही असं ठरवलं. आज असे २९ देश आहेत. आतल्या सगळ्या चौक्या काढल्यावर त्यांतला रिकामा कर्मचारीवर्ग कुठे गेला असेल, असा प्रश्न मुंबईत बोटांचे ठसे देताना पडतो.

आता याच पृथ्वीवर लवकर अर्ज करायची खरोखर मुभा असलेली माणसंही राहतात. अमेरिकेनं ज्या चाळीसेक देशांच्या नागरिकांना व्हिसातून सूट दिली आहे, त्यांना २००९ च्या जानेवारीपासून ‘एस्टा’ नावाची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. प्रवासाच्या निदान ७२ तास आधी ती काढा, असा तिथला सल्ला. मात्र ‘याच्या आधी नको’ अशी दुसरी बाजू त्या सल्ल्याला नाही. परवानगी दोन वर्षं चालते आणि अर्ज करताना प्रवासाचा बेत ठरलेला असण्याचीही गरज नसते. कुठे उतरणार, कधी येणार, चौथ्या रात्री कुठे झोपणार, हे त्या जर्मन किंवा जपानी गृहस्थाला ठाऊक नसलं तरी चालतं. शुल्क सप्टेंबर २०२५ च्या शेवटी २१ डॉलरचं ४० डॉलर झालं तेव्हा तिकडे थोडी कुरकुर झाली, आणि ती ऐकून आपल्याकडच्या लोकांना जे वाटलं त्याला सहानुभूती म्हणणं धाडसाचं होईल. कॅनडाची अशीच परवानगी ७ कॅनेडियन डॉलरमध्ये पाच वर्षं टिकते. ब्रिटनची दोन वर्षं. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला बेत नसतानाही लवकर येता येतं आणि ज्याच्यावर नाही त्यानं बेत पक्का करून, तोही ठरलेल्या खिडकीतच यायचं. शहाणपणाचा याच्याशी काही संबंध नाही. इंग्लंडमधल्या स्लाव येथे राहणारा आपला भाचा ब्रिटिश पासपोर्टवर आळशी राहू शकतो आणि ठाण्यातला त्याचा मामा भारतीय पासपोर्टवर कितीही कामसू असला तरी सहा महिन्यांच्या अलीकडेच उभा असतो.

अर्थात भाच्याचंही सुख आता फार टिकणार नाही. व्हिसा न लागणाऱ्या पाहुण्यांसाठी युरोपीय संघानं ‘एटियास’ नावाची परवानगी काढायचं ठरवलं आहे. तिचा कायदा २०१८ साली झाला. सुरुवात २०२१ मध्ये व्हायची होती. ती पुढे ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली. दरम्यान एकही अर्ज न स्वीकारता तिचं शुल्क मात्र ७ युरोंवरून २० युरोंवर नेण्याचा निर्णय झाला. आणि या परवानगीसाठी पर्यटकांनी प्रवासाच्या पुष्कळ आधी अर्ज करावा, असा सल्लाही आधीच देऊन ठेवलेला आहे. स्वतः पाच वर्षं उशिरा येणाऱ्यानं दुसऱ्याला वेळेचं महत्त्व सांगावं हे आपल्याला नवं नाही, पण ते सत्तावीस देशांनी मिळून, चोवीस अधिकृत भाषांत सांगावं, याला निराळाच भारदस्तपणा आहे.

लवकर अर्ज करण्याच्या तत्त्वाची खरी शोभा झाली ती अमेरिकेच्या अभ्यागत व्हिसाच्या बाबतीत. महासाथीनंतर २०२२ च्या उत्तरार्धात मुंबईत मुलाखतीसाठी ८०० दिवसांहून अधिक थांबावं लागत होतं. हा आकडा नुसता मोठा नाही, तो मराठी कौटुंबिक जीवनाच्या मुळावर येणारा आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आयांचा एक मोठा वर्ग लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी जातो, आणि गर्भारपणाचे दिवस असतात सुमारे २८०. तेव्हा ‘लवकर अर्ज करा’ हा सल्ला पाळायचा, तर न्यू जर्सीतल्या लेकीच्या आईनं तिला दिवस जाण्याच्या जवळजवळ दीड वर्ष आधी अर्ज भरायला हवा होता. कित्येक घरांत तेव्हा जावईही नक्की झालेला नसेल. पत्रिका जुळवतानाच व्हिसाची तारीख घेऊन ठेवण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली असती तर आश्चर्य नव्हतं. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी दूतावासानंच भारतीयांना सुचवलं, की परदेशी जाणार असाल तर तिथल्या आमच्या वकिलातीत मुलाखत देता येते, आणि बँकॉकमध्ये ती दोन आठवड्यांत मिळते. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून अमेरिकेला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता बँकॉकवरून जातो हे भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये हाही रस्ता बंद झाला. आता अर्ज आपल्या देशात किंवा आपण राहतो त्या देशातच करायचा. म्हणजे मुंबईत ८०० दिवस आधी रांगेत उभा राहिलेला माणूस चौदा दिवस आधी बँकॉकला गेलेल्या माणसाच्या मागे पडला, आणि बँकॉकचं तिकीट काढावं असं ज्याला दोन वर्षांनी सुचलं तो दोघांच्याही मागे. यात ‘लवकर’ कोण होता हे सांगणाऱ्याला मी मानेन. एक मात्र मान्य करायला हवं. तो व्हिसा एकदा मिळाला की बहुतेकदा दहा वर्षांचा मिळतो, आणि मग याच आया ‘अगं, आमचा आहेच’ असं ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात पूर्वी फक्त जमिनीबद्दल बोललं जायचं.

यावर पहिला आक्षेप येतो तो हुशार मंडळींकडून. एवढा त्रास कशाला, म्हणतात. जिथे व्हिसाच लागत नाही तिथे जा. मुद्दा रास्त आहे. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली, जुलै २०२४ मध्ये मुक्काम ६० दिवसांपर्यंत वाढवला. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून दार उघडलं. पण दार उघडलं तरी उंबरठ्यावर एक फॉर्म ठेवलेला असतोच. थायलंडनं १ मे २०२५ पासून आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरणं सक्तीचं केलं, आणि ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. मलेशियाचंही तसंच, तीन दिवस. सिंगापूरला तर व्हिसाही लागतो आणि वर हे तीन दिवसांचं कार्डही. त्या तीन दिवसांत घरात काय चाललेलं असतं याची कल्पना या सरकारांना कुणी तरी द्यायला हवी होती. बॅगांचं वजन होत असतं, भडंग आणि खाकऱ्याची वाटणी चालू असते, गॅस बंद करण्याची जबाबदारी कुणाची यावर एकमत झालेलं नसतं, आणि मोलकरणीला किल्ली कुठे ठेवली ते सांगायचं राहिलेलं असतं. नेमक्या अशा वेळी सहा जणांचे पासपोर्ट क्रमांक, उड्डाण क्रमांक आणि बँकॉकमधल्या हॉटेलचा पिनकोड मागितला जातो. हाच माणूस चार महिने आधी, निवांत रविवारी, चहा पीत हे सगळं बिनचूक भरायला तयार होता. त्याला सांगण्यात आलं, आत्ता नाही. केनियानं तर जानेवारी २०२४ पासून सर्व जगाला व्हिसामुक्त केल्याचं जाहीर केलं आणि व्हिसाच्या जागी आगाऊ ऑनलाइन परवानगी ठेवली, मूळ शुल्क ३० डॉलर. असल्या मुक्तीची किंमत निदान आधी सांगतात, हे त्यातल्या त्यात बरं.

ही तीन दिवसांची खिडकी आणखी एका गोष्टीला जन्म देते. थायलंडचं कार्ड सरकारकडून फुकट मिळतं. पण शोधयंत्रात नाव टाकलं की हुबेहूब सरकारी दिसणारी संकेतस्थळं पुढे येतात आणि त्याच फुकट कार्डाचे पैसे घेतात. थाई सरकारनं त्यांच्याविरुद्ध इशारेही दिले. एस्टाच्या जन्मापासून तिच्या भोवतीही असेच मध्यस्थ आहेत. या धंद्याचं बिंग फोडण्यापेक्षा मला त्याचं मानसशास्त्र जास्त रंजक वाटतं. त्यांचं गिऱ्हाईक वेंधळं किंवा शेवटच्या क्षणी धावणारं असतंच, पण सर्वांत भरवशाचं गिऱ्हाईक म्हणजे आगाऊ काम उरकून टाकू पाहणारा शिस्तीचा माणूस. सरकारी पानानं ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठवलेला हा गृहस्थ पुढच्या दुव्यावर जातो, आणि तिथे त्याचं सहर्ष स्वागत होतं. चार महिने आधी आलात? उत्तम. कार्ड कुठलं? वेळेआधी येणाऱ्याचा मान राखणारं कार्यालय अजून जगात शिल्लक आहे, फक्त ते कोणत्याच सरकारचं नाही.

दुसरा आक्षेप एजंटाचा. हे सगळं तो बघतो, आपण सह्या करायच्या. एजंट पुष्कळ काही करतो हे कबूल. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचाच हवा, त्यात चेहरा हसरा नको, पासपोर्टाला दोन कोरी पानं हवीत, हे त्याला पाठ असतं. पण खिडकी रुंद करणं त्याच्या हातात नसतं, आणि पासपोर्टाची दुसरी प्रत काढणं कुणाच्याच हातात नसतं. लंडन आणि पॅरिस एकाच सहलीत करायचं म्हटलं की ही अडचण उघडी पडते. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी करता येत नाही आणि उत्तराला साधारण तीन आठवडे लागतात. शेंगेनला सहा महिने आधीपासून मुभा आहे, पण वेळ मिळेल तेव्हा. अर्ज दोन, वकिलाती दोन, पासपोर्ट एक. तो एका ठिकाणी अडकला की दुसरीकडची तारीख निघून जाते. अशा वेळी एजंट जो सल्ला देतो तो गिऱ्हाईकाला कधीच आवडत नाही : साहेब, या वर्षी एकच करा. आणि प्रत्येक गिऱ्हाईक त्याला त्या मावसभावाचं उदाहरण देतं ज्यानं आठ दिवस आधी अर्ज करून व्हिसा मिळवला. असा मावसभाऊ प्रत्येक घरात असतो. ज्यांना मिळाला नाही ते मावसभाऊ त्या सुट्टीत महाबळेश्वरला गेले आणि त्याबद्दल काही बोलत नाहीत, म्हणून पुराव्याचं पारडं नेहमी एका बाजूला झुकलेलं दिसतं.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर द्यायला हवं. आपल्या घरी कोण येतंय हे विचारायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. आहेच. भारतही तो बजावतो, आणि त्यात आपण युरोपपेक्षा फार साधे आहोत असं मुळीच नाही. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी आपण चाळीसेक देशांच्या पर्यटकांसाठी आगमनावेळी मिळणारा व्हिसा सुरू केला. फक्त आगमनाआधी किमान चार दिवस ऑनलाइन परवानगी घेतलेली असणं बंधनकारक होतं. विमानतळावर येऊन व्हिसा मागणाऱ्या परदेशी पाहुण्यांना हे समजावून सांगताना आपल्या अधिकाऱ्यांची जी दमछाक झाली असेल तिची कल्पना करवत नाही. एप्रिल २०१५ मध्ये योजनेचं नाव बदलून ई-पर्यटक व्हिसा केलं. आजही ३० दिवसांच्या त्या व्हिसासाठी प्रवासाच्या ३० दिवसांहून आधी अर्ज करता येत नाही आणि चार दिवसांहून उशीर चालत नाही. ताजमहाल पाहायला निघालेला नेदरलँड्समधला शिस्तप्रिय निवृत्त शिक्षकही तेव्हा आपल्या खिडकीबाहेर तसाच ताटकळतो. तक्रार हक्काबद्दल नाहीच. हक्क असलेल्यानं विचारावं, खुशाल तपासावं. मात्र तपासाला लागणारा वेळ आपल्या सोयीनं कापून ठेवायचा आणि मग उरलेल्या वेळात अर्जदारानं चपळाई दाखवली नाही म्हणून त्यालाच दोष द्यायचा, हे दोन्ही एका वेळी चालू नये. फार लवकर आलेल्या अर्जातली माहिती शिळी होते, म्हणून मर्यादा असते, असं एक समर्थन आहे. तेही खरं. पण मग जी माहिती सहा महिन्यांत शिळी होते तिच्यात लुसर्नचा मंगळवार कशाला मागावा?

यातून वाट काढायची तर मला उलटी चाल जास्त व्यवहार्य वाटते : अर्ज लवकर करण्याच्या नादी लागू नये, सुट्टी उशिरा ठरवावी. आपल्याकडे आधी स्वस्त तिकीट दिसतं, मग तारखा ठरतात, मग नातेवाइकांना सांगितलं जातं, मग स्वेटर येतात आणि सरतेशेवटी व्हिसाची आठवण होते. हाच क्रम फिरवला, कुठल्या देशाची खिडकी कधी उघडते ते आधी पाहिलं आणि मग त्या वर्षीचा देश निवडला, तर निम्मी धावपळ आपोआप वाचेल. मे महिन्यासाठी युरोप हवा असेल तर बोलणी दिवाळीतच व्हायला हवीत. मार्चमध्ये सुचलं तर थायलंड बरा. रजेचं पत्र, विवरणपत्रं, पासपोर्टाची मुदत आणि कोरी पानं ही कामं मात्र कधीही आधी करून ठेवता येतात, कारण ती अजून तरी कुठल्या वकिलातीच्या हातात नाहीत. चिकाटीला युरोपनंही अलीकडे थोडं फळ ठेवलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी केलेल्या नियमानुसार तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नीट वापरले, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा जाण्यायेण्याची मुभा असलेला मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. थोडक्यात, कमी अर्ज करायचे असतील तर आधी जास्त सहली करा. बँकेच्या उताऱ्याला हे कोण समजावणार तो भाग वेगळा.

पण पाच वर्षांचा व्हिसा मिळायला पासपोर्टातही तेवढी वर्षं शिल्लक हवीत, अशी अट तिथेच लिहिलेली आहे. इथपर्यंत पोचलेल्या माणसाचा पासपोर्ट साधारणपणे म्हातारा झालेला असतो. पुष्कळ देश शेवटचे सहा महिने धरतच नाहीत, म्हणून दहा वर्षांचा पासपोर्ट साडेनऊ वर्षांच्या कामाचा. तो नवा करून घ्यावा म्हणून माणूस पासपोर्ट सेवेच्या पानावर जातो, मुदत संपायला अजून दोन वर्षं आहेत, म्हणजे या खेपेला तरी आपण सर्वांच्या आधी आलो अशा समाधानात. तिथे त्याला कळतं, की मुदत संपल्यामुळे करायचं नूतनीकरण एक वर्ष राहिल्यावरच करता येतं. मग तो वर्षभर थांबतो, अर्ज करतो, आणि पोलीस पडताळणी निघालीच तर ती होईपर्यंत गाव सोडत नाही.